हँडब्रेकचं हेलिकॉप्टर

अख्ख्या वरवट बकाल गावात हेलिकॉप्टर चालवणारी माणसं दोनच, त्यातला एक मी! कम्प्युटरवर चालवतो. चालवतो म्हणजे, उडवतो. उतरवता अजून आलेलं नाही, दरवेळी पडतंच.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रेडिओ यायचे बंद झाले, बसणारे बंद झाले नाहीत. मग दुकानात किस्सेच साचणार, दुसरं काय? बसणारे दोघं. एक मास्तर, रिटायर. दुसरा भीमराव, तोही रिटायर, फौजेतला हेलिकॉप्टर मेकॅनिक. चोवीस वर्षं यानं नट आवळले आणि साहेब लोक उडाले. पोरीनं पुण्याहून कम्प्युटर आणि जॉयस्टिक पाठवली, तर सगळं घेऊन माझ्याच दुकानात आला.

"एकदा त्या हेलिपॅडच्या पांढऱ्या गोलात माह्या हातानं उतरवतो, मंग मेलो तरी चालते."

"मंग काऊन? उतरवतानाच मरशील!" मी म्हणालो.

*

हेलिकॉप्टरला उजव्या हातात एक दांडा लागतो, आणि वर-खाली करायला डाव्या हातात दुसरा. पेटीत दुसरा नव्हताच. मी भंगारातल्या जीपचा हँडब्रेक आणला, बुडाशी रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं व्हॉल्यूम बसवलं, झालं! मी सातवी नापास, पण जॉयस्टिकच्या पोटात व्हॉल्यूमच असतं हे उघडल्याबरोबर ओळखलं.

गेम सुरू, हेलिकॉप्टर हवेत. भीमरावनं अजून वर न्यायला हँडब्रेक ओढला. हेलिकॉप्टर सरळ जमिनीत!

"अबे, वर ओढलं त खाली काऊन गेलं?"

"हँडब्रेक ओढला त गाडी थांबनच ना भाऊ!"

त्यानं बूड उघडून पाहिलं. दोन तारा मी मुद्दाम उलट्या जोडल्या होत्या. मी त्याच्या तोंडासमोर पोट धरून हसलो. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर फेकून मारला, मग तोही हसला.

*

सेटिंगचं इंग्रजी मास्तर वाचायचे. जॉयस्टिकचं कॅलिब्रेशन आलं, म्हणजे दांड्याला सरळ-वाकडं शिकवणं. मी गंभीर तोंड करून म्हणालो, "मास्तर, हे होईस्तोवर उभं राहा लागते, नाही त दांडा वाकडा शिकते."

मास्तर दोन मिनिटं सावधान!

कळल्यावर म्हणाले, "जिंदगीभर पोरांना बाकावर उभं केलं. त्यांचीच हाय लागली."

*

भीमरावचा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. डॉक्टरांनी सांगितलं, वाढतच जाईल. गोलाच्या वर आला की त्याच्या हाताबरोबर हेलिकॉप्टरही थरथरायचं आणि बाजूला जाऊन आपटायचं.

एकदा मी म्हणालो, "वरून गहू चाळून राह्यला काय बे?"

मास्तर हसले. भीमरावही हसला, हात मांडीखाली दाबून.

मग आठ दिवस दुकानाकडे फिरकला नाही. माझी जीभ मोठी हुशार! त्या आठ दिवसांत तिला कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

*

मास्तरांनी सेटिंगमध्ये एक गोष्ट शोधली. डेडझोन. दांडा मधोमध असताना थोडाफार हलला, तरी गेमला कळतच नाही. मी तो चांगला वाढवून ठेवला, आणि भीमरावला घरून धरून आणलं.

हेलिकॉप्टर गोलाच्या वर आलं. उभं राहिलं. हललं नाही! भीमरावनं हँडब्रेक हळूहळू खाली केला. पांढऱ्या गोलाच्या मधोमध उतरलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणालो, "पाह्य, हात बरा झाला तुहा!"

भीमरावनं पुन्हा उडवलं, गोलावर आणलं. मग पडदा सोडून आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. हात थरथरत होता. हेलिकॉप्टर जागचं हलत नव्हतं.

त्यानं दांडा सोडला.

"इतका ढिला दांडा असलेलं एकही हेलिकॉप्टर मी चोवीस वर्षांत उडू देलं नाही," तो म्हणाला. "आन् तारा उलट्या जोडल्या होत्या, तवा माह्या तोंडावर हसला होता तू. आज काऊन नाही हसला बे?"