सुनयनाची बदली

बळवंत टिपणीसांनी अठ्ठावीस पुस्तकं लिहिली, आणि पुण्यातल्या त्यांच्या नातेवाइकांना आजही वाटतं की ते दिल्लीत अनुवादबिनुवाद असं काहीतरी करायचे. नातेवाइकांना तरी काय नावं ठेवायची? पुस्तकं हिंदीत, गोष्टी अंतराळातल्या, मुखपृष्ठावर टीव्ही मालिकेतल्या नटाचा फोटो, आणि लेखकाचं नाव आत कुठेतरी छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीएवढं.

मालिकेचं नाव ‘चौकी सत्रह’. शनीच्या पलीकडची एक चौकी, तिथला कमांडर आणि दर आठवड्याला त्याच्यावर कोसळणारं नवं संकट. नव्वदच्या दशकात लोकांनी ती डोक्यावर घेतली, तशी तिच्यावर बेतलेली पुस्तकं रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलवर खपायला लागली. टिपणीसकाका तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि ऑफिसला जाण्याआधी दोन तास लिहायचे. पुढे मालिका बंद पडली, पण पुस्तकं चालूच राहिली. काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ते त्या मालेचे संपादक झाले. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

माझ्या पहिल्याच हस्तलिखितावर त्यांनी आडवी लाल रेघ मारली. मी कमांडरचं लग्न लावून दिलं होतं.

“देविका, ही माणसं आपली नाहीत,” ते म्हणाले. “सरकारी क्वार्टर आहे हे. राहायचं, झाडायचं, पुसायचं, पण भिंत पाडायची नाही. सोडताना जसं होतं तसं परत द्यायचं.”

दुसरा नियम याहून कडक होता. पडदा आणि पुस्तक यांत फरक पडला, तर पडदा खरा. हे नियम त्यांनी टाइप करून ठेवले होते आणि प्रत्येक नव्या लेखकाला त्याची प्रत द्यायचे. लेखक पाठीमागे त्यांना ‘अवर सचिव’ म्हणत. मीही म्हणायचे. मीनाक्षीकाकू गेल्या, तेव्हा तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी ते कामावर हजर. मी मनात म्हटलं, माणूस आहे की फाइल?

मागच्या वर्षी नोएडातल्या एका कंपनीने ‘चौकी सत्रह’चे हक्क घेतले. नवी वेब सिरीज येणार होती आणि जुनी पुस्तकं तिच्याशी जुळवून पुन्हा छापायची होती. काका केव्हाच निवृत्त झालेले, त्यामुळे संपादक मी. कुठली पात्रं ठेवायची आणि कुठली काढायची, याची यादी कंपनीने मागितली. सुनयना नावाची एक सिग्नल अफसर काकांच्या शेवटच्या अठरा पुस्तकांत होती आणि एकाही गोष्टीत तिच्यावाचून काही अडत नव्हतं. कमांडर गस्तीवर गेला की दुपारी रेडिओवरून त्याला विचारायची, “खाना खाया?” बस, एवढंच. मी तिच्या नावापुढे ‘काढा’ लिहिलं आणि यादी पाठवून दिली.

मग, आपली रीत म्हणून, यादीची प्रत घेऊन मयूर विहारला काकांच्या फ्लॅटवर गेले. ते एकेका नावावरून बोट फिरवत खाली आले. बोट सुनयनापाशी थांबलं.

“हिला कशी मारताय?”

“मारत नाही हो, काका. ती मुळात नव्हतीच, असं करायचंय.”

“अच्छा.” त्यांनी बोट तिथून उचललं नाही. मग म्हणाले, “बदली नाही दाखवता येणार? कुठल्याही लांबच्या चौकीवर. माणूस बदलीवर गेला की निदान असतो तरी.”

मी हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले. “काका, पण हिचं गोष्टीत काम काय?”

“काही नाही. जेवलात का, विचारते.” त्यांनी यादी घडी करून माझ्याकडे सरकवली. “मीनाक्षी दीड वाजता ऑफिसात फोन करायची. रोज. डबा तिनेच दिलेला असायचा, तरी विचारायची. ती गेली आणि दीड वाजता काहीच होईना. मग घातलं पुस्तकात. लेखक मी, संपादक मी. पकडणार कोण?”

त्या अठराही पुस्तकांची मुद्रितं मी ओळन् ओळ तपासली होती. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मेट्रोत बसून मी रडले, आणि शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी नोएडा गाठलं. सिरीजचा लेखक ऋग्वेद, तिशीचा मुलगा. सगळं ऐकून घेतलं त्याने.

“मैम, मैं बिल्कुल समझता हूँ,” तो म्हणाला. “लेकिन हमारे सिग्नल रूम में मशीन है. वहाँ कभी कोई इंसान था ही नहीं. शूटिंग हो चुकी है.” मग जरा चाचरत म्हणाला, “और रूल तो टिपणीस सर का ही है ना? जो परदे पर है, वही सच.”

उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं. मी बदलीचंही विचारून पाहिलं. जी नव्हतीच, तिची बदली कशी होणार? त्याचं बरोबर होतं, आणि त्याचं बरोबर आहे याचाच मला संताप येत होता.

काकांना सांगितलं, तेव्हा ते वाद घालतील असं वाटलं होतं. मनातून मला ते हवंही होतं. ते एवढंच म्हणाले, “फाइल्स मला दे. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही.”

पाच आठवडे लागले त्यांना. रोज सकाळी बसत होते, असं शेजारच्या सुधन्वा कर्णिकांनी सांगितलं. डोळे सुजलेले दिसायचे म्हणाले, मोतीबिंदूचं बघा एकदा. मी बरं म्हटलं.

फाइल्स आल्या. मी चार दिवस दुसरं काही केलं नाही. अठरा पुस्तकं वाचली, नुसती वाचली नाहीत, एखादं वाक्य अडखळतंय का, एखादा संवाद अर्धवट लोंबतोय का, हे धुंडाळत गेले. मला ती कुठेतरी राहून जायला हवी होती. पण तिच्या जागी वारा आला होता, यंत्राचा आवाज आला होता, कुठे काहीच आलं नव्हतं आणि तरी परिच्छेद नीट चालत होता. इतकं निर्दोष काम मी आजवर पाहिलेलं नाही.

मी फोन केला. “काका, झालं वाचून. एकही चूक नाही.”

“सापडली का कुठे?”

“नाही, काका.”

मग ते हळूच म्हणाले, “पुन्हा एकदा बघतेस?”

मी पुन्हा बघितलं. नव्हती.