जॅकच्या मागे उभे राहू नये

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्याकडे पाल चुकचुकली की वडील म्हणायचे, "हाकला तिला." मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, सगळा जन्म माप घेण्यात गेला. हे मी बोलतोय आणि नात टाइप करतेय. ती आत्तापासूनच गालातल्या गालात हसतेय. हसू दे. साठ वर्षं जी गोष्ट डोक्यातून गेली नाही, ती एकदा कुठेतरी लिहून ठेवावी एवढाच हा खटाटोप.

पौड सोडून मुळशी धरणाकडे जाताना एक ओढा लागतो. साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. त्या ओढ्यावर पूल होत होता आणि मी तिथे ओव्हरसियर होतो, वय तेवीस. पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा. तेव्हा हे प्रकरण नवंच होतं, आम्हालाही बरंचसं पुस्तकातूनच माहीत. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून बीम ओतताना त्यात आरपार नळ्या सोडायच्या, काँक्रीट पक्कं झालं की त्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवायचे, दोन्ही टोकांना जॅक लावून ते ताणायचे आणि पाचर मारून तसेच अडकवून टाकायचे. तारा आखडायला बघतात, त्यामुळे बीम कायमचा आवळलेला राहतो.

हे मी सावळाराम मिस्त्रींना कागदावर बाण काढून समजावत होतो. ते आमच्याकडे जॅक सांभाळायचे. जवळच्याच वाडीतले, चाळिशीचे, आधी पिढीजात बैलगाडीची चाकं करणारे. बाणांकडे बघून म्हणाले, "म्हंजी चाकाला लोखंडी धाव चढवत्यात तसंच की, सायेब! तापल्याली धाव गार झाली का चाकाला आवळून धरती. लाकूड बिचारं कुटं जातंय?" माझी चार पानं त्यांनी एका वाक्यात गुंडाळली. थोडा राग आला खरा... पण माणूस आवडला.

जॅकच्या कामात एक नियम कडक. ताणलेल्या तारा सुटल्या तर जॅक सरळ मागे उडतो, आणि तो दोघांनी मिळून उचलायचा ऐवज. म्हणून दोन्ही टोकांना लाल अक्षरात पाटी लावलेली — 'जॅकच्या मागे उभे राहू नये.' पाटी मीच रंगवली होती. हे लक्षात ठेवा.

एप्रिलचा शेवट. मुळशीचा पाऊस लागायच्या आत पाचही बीम खांबांवर चढायला हवे होते, आणि अजून तिसराच ताणायला घेतला होता. त्या दिवशी चार वाजता मोठे साहेब बघायला येणार होते. मला सकाळपासून एका जागी उभं राहवत नव्हतं. त्यात धुळीने आणि आरडाओरड्याने माझा घसा दोन दिवसांपूर्वी पार बसलेला. पौडच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी बघून अजिबात बोलू नका म्हणून सांगितलं होतं. बोलणार कसा? कुजबुजसुद्धा फुटत नव्हती.

म्हणून एक युक्ती केली. ऐंशी फुटी बीमच्या अलीकडच्या टोकाला पंपाच्या दाब दाखवणाऱ्या काट्याशी मी. पलीकडे मिस्त्री. मधे बीमवर कोंडिबा नावाचा गडी उभा. मी एक बोट वर केलं की तो "येक!" ओरडायचा, दोन्हीकडे पहिल्या टप्प्यापर्यंत दाब द्यायचा आणि तारा किती लांबल्या ते मोजून सांगायचं. मग दुसरं बोट. बीम पुरुषभर उंच, त्यामुळे मला मिस्त्री दिसत नव्हते.

आता खरी गोष्ट. तारांना गंज चढू नये म्हणून ग्रीस फासलेलं असायचं. जिथे पाचर बसते तिथलं ग्रीस रॉकेलने लख्ख पुसून काढावं लागे. काम सुरू करण्याआधी मी पलीकडच्या टोकाला गेलो, तेव्हा मिस्त्री पुसत होते. मी हात हलवला — पुरे. दुसरं म्हणजे पलीकडच्या टोकाला एका अंगाला करवंदीची जाळी आणि दुसऱ्या अंगाला फळ्यांचा ढीग. बाजूने वाकून मोजपट्टी लावायला प्रत्येक वेळी पाच मिनिटं जात. मी खुणेनेच सांगितलं, मागे उभे राहून पट्टी वाचा. मिस्त्रींनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बरं सायेब," म्हणाले.

मी माझ्या टोकाला परतलो. तीन टप्पे झाले. काटा छान चढत होता. कोंडिबा वरून पलीकडे बघत म्हणाला, "सायेब, मिस्त्री पार जॅकच्या मागं हुबं हायेत. चालंल का?"

मी ऐकलं. मला कळलंही. मनात आलं, दोन मिनिटं थांबवावं... आणि मी चौथं बोट वर केलं.

"च्यार!"

पंपाचे दोन-तीन दांडे मारले असतील. एकदम धाडकन आवाज झाला, माझ्या पायाखालची जमीन हादरली. मी धावलो. उरलेल्या ग्रीसवरून पाचर सटकली होती आणि पलीकडचा जॅक टांगलेली साखळी तोडून मागच्या बांधात हातभर घुसला होता. मधे जिथे मिस्त्री उभे असायला हवे होते तिथे नुसती धूळ.

मिस्त्री करवंदीच्या जाळीत बसलेले. हातभर ओरखडे, दुसरं काही नाही. मला बघताच त्यांनी हात जोडले.

"सायेब, तुमी वरडला म्हणून वाचलो. 'मिस्त्री, बाजूला!' म्हनला आन् मी घेतली उडी जाळीत."

मी ओरडलो नव्हतो! ओरडूच शकत नव्हतो. पंपावरचे दोन गडी माझ्या खांद्याला खांदा लावून होते, ते म्हणाले, "सायबानं त्वांड बी उघडलं न्हाई." कोंडिबा तर दोघांच्या मधोमध उभा होता. त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात बॅटरी मारली आणि भडकलेच. "काल हा घसा इतका लाल नव्हता. बोलू नका म्हटलं तर ओरडत काय सुटलात?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे महिनाभर मला आवाज नव्हता.

तारा नीट पुसून तो बीम पुन्हा ताणला, पूल वेळेत झाला. आता शनिवार-रविवारी हिंजवडीकडच्या गाड्या त्यावरून धरणाकडे पळतात. नात म्हणते, मिस्त्रींना भास झाला असेल, जॅक कुरकुरला असेल आणि अंगातल्या सवयीने त्यांनी उडी मारली असेल. असेल. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मग माझा घसा?

तेव्हापासून दर दिवाळीनंतर मिस्त्री पुण्याला माझ्या घरी नव्या आंबेमोहोर तांदळाचं पोतं घेऊन यायचे. बायको-मुलांना सांगायचे, "ह्या मानसानं मला वाचवलं." मी गप्प बसायचो. खरं सांगतो, मला त्या आवाजाची भीती वाटत नव्हती. मला त्या चौथ्या बोटाची लाज वाटत होती.

खूप वर्षांनी मिस्त्री अंथरुणाला खिळल्याचं कळलं. वाडीवर गेलो. त्यांच्या कारभारणीने चहा दिला आणि ती बाहेर गेली. मग एका दमात बोलून टाकलं, "मिस्त्री, मी ओरडलो नव्हतो. तुम्ही मागे उभे आहात हे मला माहीत होतं. कोंडिबाने विचारलंही होतं. तरी मी बोट वर केलं."

त्यांनी उशी सरकवून मान जरा वर केली.

"ठावं हाय," म्हणाले. "कोंडिबानं मला त्याच दिशी सांगितलं."

"मग... इतकी वर्षं तांदूळ का आणलेत?"

त्यांनी माझ्याकडे जरा वैतागूनच बघितलं.

"आवाज तुमचाच व्हता न्हवं? मी काय तुमचा आवाज वळखत न्हाई व्हय? आता तुमी हितं बोट वर करत व्हता, तवा तितं कोन वरडत व्हतं, ते तुमी बघा. ज्यानं वाचवलं त्याला द्याया पायजे. त्येचं घर मला दुसरं कुटलं ठावं न्हवतं, म्हून तुमच्या घरी आणत व्हतो."

मिस्त्री त्याच महिन्यात गेले. तांदूळ अजून येतो, आता त्यांचा मुलगा आणतो. मी पोतं उतरवून घेतो. ते नक्की कोणासाठी आहे, हे मला आजही माहीत नाही.