तंबाखूच्या कोठारात टांगलेली डबी

अमेरिकेतल्या केंटकीच्या आमच्या भागात कुणाला फुप्फुसाचा कर्करोग झाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती ओढायचा?" माझी वहिनी अर्डिथ, तिने जन्मात सिगरेट ओठाला लावली नाही. हिवाळ्यात माझ्या शेजारी बसून तंबाखूची सुकलेली पानं उतरवायची आणि एरवी तळघरात गोधड्या शिवत बसायची. तरी गाठ तिलाच. मला देवाचा रागच आला.

तिला मात्र वेगळाच घोर. तिची आईही छातीच्या दुखण्यानेच गेली होती. "वन्सं, मी हे रक्तातून ट्विलाला तर दिलं नसेल ना?" रोज तेच. ट्विला तिची एकुलती लेक, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. तळघरातच झोपायची.

तपासणीचा निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो, अर्डिथ, मी आणि तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ डेल्बर्ट.

"नवी पेशी तयार होताना जनुकांची नक्कल होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नकलेत चूक झाली तर पेशी ती दुरुस्त करते, नाहीतर स्वतः मरते. तुमच्या एका पेशीत 'वाढ' म्हणणारं जनुक बिघडलं. पुढे कितीतरी वर्षांनी आवर घालणारंही बिघडलं. त्या एका पेशीचीच ही गाठ."

"म्हणजे तंबाखूचे फाजील फुटवे खुडायला माणूसच उरला नाही," डेल्बर्ट पुटपुटला.

"आणि माझी लेक?" अर्डिथने विचारलं.

"बिघाड गाठीतच आहे, रक्तात नाही. तुमच्याकडून तिला काही गेलेलं नाही."

अर्डिथ ढसाढसा रडली. मीही रडले.

"घरात रेडॉन तपासलाय?" बाईंनी विचारलं. "जमिनीतून येणारा वायू. ना रंग, ना वास. तळघरात साठतो, श्वासातून आत जातो आणि जनुकं तोडतो."

"तपासलाय की!" डेल्बर्ट फुशारला. "काउंटीच्या सरकारी कचेरीने तो मोजायची डबी फुकट दिली होती. मी काय कच्चा आहे होय? सरळ कोठारात टांगली, तंबाखूच्या मधोमध. छातीचं दुखणं तिथूनच येणार ना! निकाल एकदम स्वच्छ."

पानं वाळावीत म्हणून आमच्या कोठाराच्या फळ्या चारी बाजूंनी उघड्या असतात, वारा आरपार जातो, तिथे वायू साठणार कुठून? अर्डिथचं रडणं थांबलं होतं. "वन्सं, ट्विलाला फोन लावा."

ट्विलाने झोपेतूनच फोन उचलला. "आत्या, डॉक्टर काय म्हणाल्या गं? मला आहे का ते?"

अर्डिथने माझ्या हातातला फोन हिसकावला.

"तू आधी वर ये," ती म्हणाली.