नखांचं जहाज

कात्रीकाकांच्या दुकानात लहान मुलांसाठी वेगळी खुर्ची नव्हती. मोठ्यांच्याच खुर्चीच्या दोन हातांवर ते एक गुळगुळीत फळी आडवी टाकत. मूल वर चढलं की गळ्याभोवती पांढरं कापड बांधत आणि म्हणत, "हं. आता हललास की गोष्ट बंद."

मग मुलं श्वाससुद्धा जपून घेत.

गोष्टी उत्तरेकडच्या होत्या. तरुणपणी काका एका प्रवासी जहाजावर केस कापायला होते. इंजिनखोलीतला एक लालबुंद दाढीवाला त्यांच्याकडे यायचा. बर्फाच्या मुलखातला माणूस. कात्री चालू असेपर्यंत तो त्याच्याकडच्या जुन्या देवांच्या गोष्टी सांगे. थोड्या मोडक्यातोडक्या शब्दांत, बाकीच्या हातवाऱ्यांनी. पुढे काकांची नोकरी सुटली, दाढीवाल्याचं नावही डोक्यातून गेलं. गोष्टी तेवढ्या राहिल्या.

शहाणपणाच्या बदल्यात स्वतःचा एक डोळा काढून देणारा ओडिन. हातोडा परत मिळवण्यासाठी नवरीचे कपडे घालून राक्षसाच्या घरी गेलेला थॉर. आणि लोकी. या लोकीनं थॉरच्या बायकोचे सोन्यासारखे केस ती झोपलेली असताना भादरले होते.

"आमच्या धंद्याला बट्टा लावला मेल्यानं," काका म्हणायचे. "विचारल्याशिवाय कात्री लावायची नसते."

लांडग्याची गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा मागत. त्या लांडग्याला कुठलीच साखळी पुरत नव्हती. शेवटी बुटक्यांनी एक मऊ फीत विणली. मांजराच्या पावलांचा आवाज, डोंगराची मुळं, माशाचा श्वास आणि बाईची दाढी घालून.

"सगळं त्यातच संपलं," काका सांगत. "म्हणून मांजर चालताना वाजत नाही. म्हणून बायकांना दाढी नसते."

"माझ्या आजीला आहे," बाकावरून एक मुलगी म्हणाली.

"मग तेवढी फीत कमी पडली. लांडगा सुटणार म्हणायचा."

दुकानभर हसू फुटलं. तिची आजीही तिथंच बसली होती. ती सर्वांत मोठ्यानं हसली.

केसांबरोबर नखं फुकट, असा काकांचा नियम होता. एका रविवारी एका पोरानं मुठी आवळल्या आणि उघडेचना. काकांनी आमिष दाखवलं, डोळे वटारले, गुदगुल्या केल्या. पोरगं पक्कं होतं. मग काकांनी पूर्वी कधीच न सांगितलेली गोष्ट काढली.

"जगाच्या शेवटी एक जहाज येणार आहे," ते म्हणाले. "लाकडाचं नाही. नखांचं."

पोरानं मान वर केली.

"मेलेल्या माणसांची नखं. ज्यांची कापायची राहून गेली, त्यांची. खाली मेलेल्यांची राणी हेलबाई, तिच्या मुलखात उजेड नसतो. तिथं ती एकाला एक जोडली जातात. शेवटचं नख बसलं की जहाज पाण्यात उतरणार. खालची सगळी माणसं त्यात बसून वर येणार. मग लढाई. मग देवही संपले आणि सूर्यही. म्हणून नखं कापायची. जहाज पुरं व्हायला उशीर व्हावा म्हणून."

पोरानं मुठी उघडल्या. काकांनी जिंकल्यासारखं बाकाकडं पाहिलं. बाकावरचं एकही मूल त्यांच्याकडं बघत नव्हतं. सगळी आपापल्या हातांकडं बघत होती.

पुढच्या रविवारी रांग दारापाशी गेली. केस कुणालाच कापायचे नव्हते. मुलं बोलत नव्हती. एकेक जण येई, दोन्ही हात पुढं करी, कापलेलं प्रत्येक नख खाली पडताना बघे आणि मगच उतरे. फरशीवरच्या पांढऱ्या कोरींवर कुणी पाय दिला नाही. सगळी त्या ओलांडून गेली.

दाढीवाल्या आजीची सून तणतणत आली.

"काय भरवलंत हो पोरांच्या डोक्यात? आमची कार्टी सासऱ्यांची नखं कापत बसली. ते झोपलेत, आणि ही उशाशी कात्री घेऊन! दचकून उठले. म्हणाले, अगं, मी मेलो नाही अजून!"

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणूनच घाई करतेय."

काका हसले. पण बाई गेल्यावर फरशी झाडताना त्यांना कळलं. गोष्ट त्यांनी सोडली होती. आता ती त्यांच्या हाकेला येत नव्हती.

मग एका दुपारी लिफ्टवाला त्याच्या मुलीला घेऊन आला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको गेल्याला फार दिवस झाले नव्हते. ती आजारी असताना काका तिच्या घरी जात. केस गळायला लागले तेव्हा उरलेले त्यांनीच काढले होते. तेव्हा ही मुलगी दाराला टेकून बघत उभी असायची.

तिनं हात पाठीमागं धरले होते.

"नखं कापू देत नाही," बाप म्हणाला. "वर्गात एका मुलीचा गाल ओरबाडला. ती मुलगी कात्री घेऊन हिच्या मागं लागली होती म्हणे. शाळेनं सांगितलं, कापल्याशिवाय पाठवू नका. झोपेत कापायला गेलो तर मुठी वळून झोपते. जेवणही धड नाही. काका, तुमचं ऐकते ती."

काकांनी फळी टाकली. ती निमूट चढली. हात मांडीवर ठेवले. नखं लांब होती, कडेला पिवळट, आतून काळी. समोर एक आरसा, मागं एक. दोन्हींत एकामागं एक अशा मुली बसल्या होत्या, लहान होत होत काळोखात गेलेल्या. सगळ्यांचे हात मांडीवर.

काकांना वाटलं, आपल्याला कळलं. पोर घाबरली आहे. आईची नखं राहिली असतील, ती त्या जहाजाला लागली असतील, या धसक्यानं ती कात्रीच जवळ येऊ देत नाही. ते खाली वाकले.

"हे बघ बाळ. तुझ्या आईची नखं मीच कापली होती. अगदी शेवटी आलो होतो ना, तेव्हा. एकही ठेवलं नाही."

आरशातून ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"सगळी?"

"सगळी."

"करंगळीचंपण?"

"करंगळीचंपण. त्या जहाजात तिचं काही नाही. तू निर्धास्त राहा."

मुलीचा चेहरा पांढरा पडला.

"मग तिला आत घेतील का?" तिनं विचारलं.

"आत? कुठं?" काका म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं त्या रविवारी. जहाज पुरं झालं की खालची सगळी माणसं त्यात बसून येतात. सगळे नखं कापतात. मग ते कधी पुरं होणार?" तिनं बोटं पसरली. "म्हणून मी वाढवतेय."

"पण बाळ, त्याला तर मेलेल्या..." काका थांबले.

"माहितीये," ती म्हणाली.

तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. उद्या शाळेला सुट्टी आहे, असं सांगावं तसं. बाकावर लिफ्टवाल्याच्या हातातलं वर्तमानपत्र हलायचं थांबलं. आरशातल्या सगळ्या मुली उत्तराची वाट बघत होत्या.

गोष्ट खोटी आहे, एवढंच म्हणायचं होतं. काकांनी तोंड उघडलंही. मग त्यांना पुढचा प्रश्न दिसला. मग आई कुठं आहे? त्याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. दाढीवाल्याकडंही नव्हतं.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. आयुष्यभर त्यांनी केसांबरोबर नखंही पाहिली होती.

"हे चालणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"कोवळं आहे. बघ, दाबलं की वाकतं. अशा नखाची फळी लावली तर भर समुद्रात पाणी शिरेल. मग आत बसलेल्यांचं काय?"

मुलीनं स्वतःचं नख दाबून पाहिलं. ते वाकलं.

"मग कसलं लागतं?"

"म्हाताऱ्याचं. हे असं." काकांनी अंगठा पुढं केला. जाड, रेघारेघांचं, शिंगासारखं नख. तिनं त्यावर आपल्या नखानं टकटक केली. दारावर करतात तशी.

"आणि लहानपणी जे नखं कापत नाहीत, जेवत नाहीत, त्यांची म्हातारपणी अशी होतच नाहीत. भुसभुशीत राहतात. तुझंही लागेल जहाजाला. पण असं झाल्यावर."

"त्याला खूप वर्षं लागतील."

"लागतील."

"आई तोवर थांबेल?"

"थांबेल," ते म्हणाले. "तिकडं वेळ आपल्यासारखा जात नाही."

तिनं बराच विचार केला. मग उजवा हात पुढं केला. काकांनी एकेक नख हलक्या हातानं काढलं. डाव्या हाताच्या शेवटच्या बोटाशी आल्यावर ती म्हणाली, "पण तुमचं तर झालंय तयार."

"हो."

"मग तुम्ही कापू नका. एक तरी."

लिफ्टवाला उठून बाहेर गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळानं तो आत आला तेव्हा मुलगी फळीवरून उतरली होती आणि भूक लागली म्हणत होती. पैसे द्यायचं त्याला सुचलं नाही, मागायचं काकांना.

ती दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेली. जेवू लागली. बाप सांगून गेला.

काकांनी करंगळीचं नख ठेवलं. केस कापणाऱ्याच्या हाताला ते शोभत नाही. गिऱ्हाइकांच्या मानेला लागायचं. "काका, या वयात शौक?" असं लोक विचारत. जुने दोस्त डोळा मारत. काका हसून घेत.

जहाजाची गोष्ट त्यांनी परत सांगितली नाही. बाकीच्या सांगत. पण दुपारी दुकान रिकामं असलं की दोन आरशांच्या मधून जायचं ते टाळू लागले. भिंतीच्या कडेनं जात.

मुलगी केस कापायला येते. आता तिला फळी लागत नाही. कापड बांधायच्या आधी ती काकांची करंगळी हातात घेते, उजेडाकडं धरते, नख दाबून बघते. वाकत नाही.

"तब्येत कशी आहे, काका?" ती विचारते.

"ठणठणीत."

काका हे जरा मोठ्यानंच सांगतात. ती आरशातून त्यांच्याकडं बघते आणि हसते. प्रेमळ हसते, आईसारखी.

"बरं," ती म्हणते. "घाई नाही."