नंदाच्या कानांचं ऑपरेशन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अंगात येणं, नजर लागणं... कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचे. माझं तोंडच तसं! मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग होती. मी तळमजल्यावरून हाक मारली की गच्चीवरची पोरं खाली यायची.

ही गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तर सालची. माझी मुलगी नंदा तेव्हा नऊ वर्षांची. तिचे कान बाहेर आलेले, सुपासारखे. शाळेत दोन वेण्या वर बांधायची सक्ती, त्यामुळे ते आणखीच दिसायचे. पण तिला त्याचं काही नव्हतं हो! उलट कान हलवून दाखवायची आणि मैत्रिणींना हसवायची. लाज वाटायची ती मला. कारण ते कान माझे होते. त्यांच्यापायी मला पाच ठिकाणांहून नकार आला होता, आणि तेव्हापासून मी ते केसांखाली लपवत आले होते.

शहरातल्या एका हॉस्पिटलात असे कान नीट करतात, असं कळलं. तिथले डॉक्टर पारशी, वयस्कर, फार सज्जन माणूस. म्हणाले, "वय ठीक आहे. पण मुलीला स्वतःला पाहिजे असेल तरच मी हात लावणार. मी तिला एकटीला विचारणार, तीन वेळा."

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, मग आधी तूच विचार ना तिला."

"तिला काय कळतंय? उद्या लग्नाच्या वेळी रडत बसेल, तेव्हा डोळे पुसायला तुम्ही येणार का?"

आणि मी काय केलं... दिवेलागणीला ती परवचा म्हणायची — पाढे, पावकी, निमकी. त्याच्या शेवटी मी तीन वाक्यं जोडली. महिनाभर रोज घोकून घेतली.

तिन्ही वेळा मी बाहेर बाकावर बसले होते. आतून नंदाचा आवाज यायचा, अगदी पाढ्यांच्या चालीत — "माझे कान मला नीट करून हवेत. मला भीती वाटत नाही. मला कोणी शिकवलेलं नाही." आपल्यातलं कोणी असतं तर त्या चालीवरूनच ओळखलं असतं. त्या बिचाऱ्या पारशी माणसाला काय ठाऊक! त्यांनी मे महिन्यातली तारीख दिली.

ऑपरेशनच्या सकाळी तिने माझा पदर धरला. "आई, नको ना गं. घरी जाऊ या."

मी म्हटलं, "गप्प बस. एक अक्षर ऐकायचं नाहीये मला." देवाशप्पथ, इतकंच बोलले.

डोक्याला पट्टी होती तेवढे दिवस माझ्या बोलण्यावर ती काही उत्तर द्यायची नाही. पट्टीमुळे असेल, असं मी धरून चालले. पट्टी सुटली. कान झकास बसले होते. मी आनंदाने म्हटलं, "नंदू, आरशात बघ!" ती यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, आई नुसतंच तोंड का हलवतेय?"

बाकी सगळ्यांचं ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत हे पुटपुटले तरी यायचं. फक्त माझं नाही. आधी वाटलं रुसलीय, नाटक करतेय. एकदा तर मी तिच्या मुस्काटात मारली. पोर घाबरून म्हणाली, "काय केलं मी? काय म्हणालीस तू?" कान पुन्हा तपासले, ठणठणीत! एक डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का बसलाय, येईल हळूहळू. मीही त्यालाच चिकटून बसले.

मग वरच्या मजल्यावरच्या प्रधानवहिनींनी त्यांच्या टेपरेकॉर्डरवर एक टेप लावली. आदल्या वर्षीच्या हळदीकुंकवाची, पाच जणींचे उखाणे. नंदा तेव्हा मामाकडे होती, त्यात मी आहे हे तिला माहीतच नव्हतं. मी दाराआड उभी. ती एकेक बाई ओळखत गेली. तिसरा उखाणा माझा... ती टेपरेकॉर्डरकडे वाकली. मग म्हणाली, "काकू, मध्ये टेप रिकामी का ठेवलीत? नुसती खरखर येतेय."

वहिनी रडायलाच लागल्या. त्यानंतर मी नवस बोलले, अंगारे आणले — मी! काही उपयोग झाला नाही.

पन्नास वर्षं होऊन गेली. हे गेले. नंदा ठाण्याला असते. वाईट वागत नाही हो, उलट फार जीव लावते. समोर असले तर ओठांवरून थोडं समजून घेते, बाकी मी वहीत लिहिते. एकदा सहज म्हणाली, "आई, तुझा आवाज कसा होता गं? आठवतच नाही मला." त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे असं कसं झालं, मला विचारू नका. मोठमोठ्या डॉक्टरांना विचारून झालं, कोणाकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

गेल्या महिन्यात मी वहीत लिहिलं, "तुला तेव्हा ऑपरेशन खरंच हवं होतं का गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तिने वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाली, "नऊ वर्षांची होते गं मी. मला कुठे आठवतंय? तूच सांग."

"नव्हतं गं," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, दोनदा म्हटलं.

ती वहीकडे बघत थांबली होती, मी लिहीन म्हणून. मग म्हणाली, "असू दे, हात दुखत असेल तुझा," आणि तिने वही मिटून ठेवली.