लोखंड होतं तसंच राहिलं

वडिवळ्याच्या रानात ठाकरवाडीतले आबा कोळशाची भट्टी लावत. धुरातून गळणारं आंबट पाणी ते वाळवी लागू नये म्हणून घराच्या मेढींना फासत. मी रसायनशास्त्र शिकलेला; त्याच पाण्याची वाफ लोखंडाचा कीस भरलेल्या तापल्या नळीतून सोडली, आणि बाटलीत ॲसिटोन हे रसायन उतरलं. हेच आपण विलायतेहून मागवतो!

भट्टीचा परवाना ठेवायचा की नाही, हे ठरवायला जंगलखात्याचे साहेब आले. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या नळी रिकामी करायला लावली. कीस घातला होता तेवढाच निघाला.

"लोखंड तर खपलंच नाही. म्हणजे ते काही करत नाही. थोतांड आहे सगळं!"

"साहेब, कीस काढला की नुसतं आंबट पाणीच उतरतं. तुम्हीही आल्यापासून खुर्चीत होता तसेच आहात, पण तुमच्यामुळे काहीच झालं नाही."

आबा खो खो हसले. "लय बोललास रं! आता भट्टी गेलीच."

गेलीच. तरी आबांनी मेढींसाठी राखलेलं पाणी काढून दिलं. त्यांच्याच चुलीवर, त्याच किसातून मी दुसरी बाटली भरली आणि लोणावळ्याच्या कचेरीत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.