सीटमागची गादी

लग्नाची वीस वर्षं नवरा ट्रकवर आणि मी धायरीत. उरलेली तरी एकत्र काढावीत म्हणून मीही ट्रक चालवायला शिकले. शिकवलं त्यांनीच. माझं लायसन्स आल्यावर सीटमागच्या फळीसाठी गादी भरून घ्यायला आम्ही कसबा पेठेत गेलो.

“जोडपं, आणि गादी एकट्याची?” गादीवाल्याने विचारलं.

“एक झोपणार, दुसरा चालवणार. दोघं झोपलो तर पेपरात वाचाल,” हे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांचं लायसन्स नव्याने करायचं होतं. मधुमेहाने एक डोळा अधू झाला होता. डॉक्टरांनी सही केली नाही.

“क्लीनर म्हणून येतो,” हे म्हणाले.

मी नाही म्हटलं. रस्त्यावर इन्सुलिनच्या वेळा सांभाळता येत नाहीत.

आता ट्रकवर मी असते, धायरीत हे. गादीवर पडण्याआधी मी फोन करते.

“झोप तू,” हे म्हणतात. “मी जागा आहे.”